बायबल स्वतःसाठी वाचणे आणि वचन दुसऱ्यावर उगारणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये शरणपूर, नाशिकरोड, देवळाली कॅम्प आणि सिडको या भागांतील घरांत आळीपाळीने भरणाऱ्या आमच्या बायबल वाचनवर्गाकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत प्रोटेस्टंट आहेत, कॅथलिक आहेत आणि ख्रिस्ती नसलेले शेजारीही आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. कोणाचे घर ओळखू येईल असे तपशील मात्र गाळले आहेत.

१. रोज सकाळी एक अध्याय वाचते. हे वैयक्तिक वाचन झाले ना?

झाले, पण अर्धे. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला प्रश्न विचारतो, तेव्हा येशू त्यालाच उलट विचारतो की नियमशास्त्रात काय लिहिले आहे आणि तू ते कसे वाचतोस. शास्त्र्याला उत्तर तोंडपाठ असते. त्याची अडचण पुढे सुरू होते: स्वतःला नीतिमान ठरवण्याच्या इच्छेने तो ‘माझा शेजारी कोण’ असे विचारतो, म्हणजे आज्ञा मान्य करून तिची हद्द आखून मागतो. वैयक्तिक वाचन म्हणजे ही हद्द आखून न मागता वाचणे.

वर्गात आम्ही एक साधी खूण सांगतो. वाचताना एखाद्या ओळीपाशी ‘हे अगदी आमच्या जाऊबाईंना लागू आहे’ किंवा ‘हे पाळकसाहेबांनी वाचायला हवे’ असे मनात आले, तर तेथेच थांबावे आणि तीच ओळ स्वतःचे नाव घालून पुन्हा वाचावी. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणाऱ्याला आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्या माणसाची उपमा देतो. त्या आरशात दिसणारे तोंड पाहणाऱ्याचेच असते, शेजाऱ्याचे नव्हे.

२. सुरुवात कोठून करावी? उत्पत्तीपासून वाचायला घेतले की दर वेळी लेवीयपाशी अडकते.

बहुतेकांचे तेथेच अडकते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. ती एका दमात क्रमाने वाचण्याचा नियम कोणी घातलेला नाही. मार्कचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आणि चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे. ते आधी पूर्ण वाचावे आणि सोबत रोज एक स्तोत्र घ्यावे. लेवीय नंतर वाचावे, पण अवश्य वाचावे, कारण शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा मुळात त्याच पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे.

३. फादर किंवा पाळक यांच्याशिवाय आपणच अर्थ लावणे चालते का?

वाचणे चालते, एकट्याने काढलेला अर्थ अंतिम मानणे धोक्याचे आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये या दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. आठव्या अध्यायातील कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो आणि कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजणार, असे फिलिप्पाला मोकळेपणाने विचारतो. सतराव्या अध्यायातील बिरुयाचे लोक मात्र प्रत्यक्ष प्रेषित पौलाचे बोलणेही शास्त्राशी ताडून पाहतात, आणि त्याबद्दल लेखक त्यांची प्रशंसा करतो. पौलाच्या पत्रांत समजायला कठीण अशा काही गोष्टी आहेत आणि काही लोक त्यांचा विपरीत अर्थ करतात, हे तर पेत्राच्या दुसऱ्या पत्रातच (३:१६) नोंदवलेले आहे. आपला अर्थ दुसऱ्याला अडचणीत आणणारा आणि आपल्याला सोयीचा असेल, तर तो निदान दोन माणसांना विचारून घ्यावा, आणि त्यांपैकी एक आपल्याशी सहसा सहमत न होणारा असावा.

४. सुटे वचन वापरण्यात चूक काय? प्रत्येक वचन देवाचेच आहे ना?

वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांच्याकडून आली आणि नव्या कराराच्या वचनांना आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये दिले. संदर्भ शोधण्यासाठी ही सोय उत्तमच आहे, पण त्यामुळे एका पत्राची शेकडो सुटी वाक्ये झाली आणि हवे तेवढेच उचलून घेणे सोपे झाले.

वाढदिवसाच्या शुभेच्छांबरोबर हमखास येणारे यिर्मया २९:११ पाहा. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असे देव तेथे सांगतो. हे वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातील आहे, आणि त्याच्या आधीच्याच वचनात सुटकेपूर्वी सत्तर वर्षे जावी लागतील असे स्पष्ट म्हटले आहे. पत्र हाती पडलेल्यांपैकी बरेचसे तोवर हयात राहणार नव्हते. हे कळल्यावर वचनाची किंमत कमी होत नाही, पण नोकरी गेलेल्या माणसाला ते पाठवून त्याच्याकडून तत्काळ हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणे आपण सोडून देतो.

शिवाय अचूक पाठांतर ही हेतू चांगला असल्याची खूण नव्हे. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान स्तोत्र ९१ मधील शब्द येशूला ऐकवतो, आणि येशू त्याला अनुवाद नावाच्या पुस्तकातील एका वेगळ्या वचनाने उत्तर देतो. त्या प्रसंगात शास्त्राचे शब्द दोघांच्याही तोंडी आहेत.

५. मग कोणाला चूक दाखवायचीच नाही का? ‘न्याय करू नका’ असे येशूने सांगितलेच आहे.

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि गंमत अशी की ‘न्याय करू नका’ हे वचनही बहुतेक वेळा समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठीच वापरले जाते. मत्तय ७ पूर्ण वाचल्यास येशू तेथे थांबत नाही असे दिसते. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास तुला स्पष्ट दिसेल, असे तो म्हणतो. म्हणजे कुसळ काढायचे आहेच. त्याच अध्यायात खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखण्यास तो सांगतो, आणि योहान ७:२४ मध्ये वरवर न पाहता यथार्थ न्याय करा असे म्हणतो.

चूक दाखवण्याला मनाई नाही. तिला अटी आहेत, आणि त्या वाटतात त्यापेक्षा कडक आहेत. मत्तय १८:१५ नुसार पहिली भेट एकांतात व्हायला हवी. साक्षीदार आणि मंडळी (म्हणजे चर्चमधील विश्वासणाऱ्यांचा समूह) त्यानंतर येतात. गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय सौम्यतेने सावरण्यास सांगतो आणि त्याच वाक्यात सावरणाऱ्यालाही मोहाची भीती घालतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका गंभीर प्रकरणी अतिशय कठोर होतो, पण बाहेरच्यांचा न्याय करण्याचे मला काय काम, असे लगेच पुढे विचारतो. अन्यधर्मीय शेजाऱ्याच्या गेटपाशी उभे राहून वचने मोठ्याने म्हणणाऱ्यांनी हा अध्याय शेवटापर्यंत वाचलेला नसावा.

आमच्या मते याचा उत्तम नमुना शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. दावीद राजाने बथशेबेला घेतले आणि तिचा नवरा उरीया याला युद्धात मरू दिले. नाथान संदेष्टा राजाकडे जातो तो आज्ञांची यादी घेऊन जात नाही. गरिबाची एकुलती मेंढी पळवणाऱ्या श्रीमंताची गोष्ट तो सांगतो, राजाला संताप येऊ देतो आणि मगच ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हणतो. येथे बोलणारा दुबळा आहे आणि ऐकणारा सर्वसत्ताधीश; जोखीम बोलणाऱ्याने पत्करली आहे. आपल्याकडील बहुतेक प्रसंगांत हा क्रम उलटा असतो: सासू सुनेला, मालक नोकराला, बाप मुलीला वचन ऐकवतो आणि स्वतः काहीच गमावत नाही. वचन कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला चालले आहे, हे पाहिले तरी निम्म्या प्रकरणांचा उलगडा होतो.

६. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता वचन टाकतात. कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळते. यावर काय करावे?

प्रश्न ५ मधील पहिली अट येथेच मोडली जाते: एकांतातील भेट टाळून थेट मंडळीपुढे आरोप होतो, आणि नाव नसल्याने उत्तर देण्याची संधीही मिळत नाही. ग्रुपवर प्रत्युत्तराचे वचन टाकू नये. टाकणाऱ्याला फोन करून ‘हे माझ्यासाठी होते का’ एवढेच विचारावे. बहुधा ‘छे, छे, सर्वसाधारण होते’ असे उत्तर येते, आणि पुढचे वचन टाकण्यापूर्वी माणूस थोडा विचार करतो.

७. माझे पती आजारी आहेत. भेटायला येणारे ‘काही पाप राहिले असेल, कबूल करा’ म्हणतात. बायबलमध्ये तसे आहे का?

ईयोबाच्या पुस्तकात, संकटे कोसळलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी हेच सांगितले होते, आणि ४२व्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावून म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे असे शिष्य विचारतात, तेव्हा येशू याचेही नाही आणि याच्या आईबापांचेही नाही असे उत्तर देतो. आजारपणाच्या संदर्भात पापकबुलीचा उल्लेख याकोब ५ मध्ये आहे हे खरे, पण तेथे आजाऱ्याने स्वतःहून मंडळीतील वडीलधाऱ्यांना बोलावलेले आहे आणि कबुली एकमेकांपाशी द्यायची आहे. भेटायला आलेल्यांचीही त्यातून सुटका नाही.

येथे एक पेच आहे, जो अभ्यासू वाचक नेमका काढतात. ईयोबाचा मित्र अलीफज जे बोलला त्यातील एक वाक्य (ईयोब ५:१३) पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रमाण म्हणून उद्धृत केले आहे. मग अलीफज चूक की बरोबर? वाक्य बरोबर असू शकते आणि ते राखेत बसलेल्या माणसाला ऐकवणे तरीही चूक असू शकते, हे त्या पुस्तकाचे मर्मच आहे. या मित्रांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे: ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहिले. रुग्णालयात जाताना बायबल पिशवीतच ठेवावे आणि आजाऱ्याने मागितले तर काढावे. मोसंबी सोलून दिली तरी पुष्कळ झाले.

८. नवरा हात उचलतो आणि ‘पत्नींनो, पतीच्या अधीन असा’ हे वचन दाखवतो. मी काय वाचावे?

आधी सुरक्षित जागी जावे, मग वाचावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. तक्रार केल्याने विश्वास कमी पडतो असे शास्त्र कोठेही सांगत नाही. दावीद अभिषिक्त होता, तरी शौल राजाने भाला फेकल्यावर तो रात्रीच खिडकीतून उतरून पळून गेला.

आता त्या वचनाविषयी. इफिसकरांस ५:२२ पत्नींना उद्देशून आहे. पतींसाठीची आज्ञा २५व्या वचनापासून सुरू होते आणि ती जास्त लांब आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःस अर्पण केले तशी प्रीती करावी आणि पत्नीला स्वतःच्या शरीरासारखे जपावे, असे तेथे पतीला सांगितले आहे. या सर्वांच्या आधी २१व्या वचनात परस्परांच्या अधीन असण्याची आज्ञा आहे. दुसऱ्याच्या नावाने आलेले पत्र फोडून त्याला वाचून दाखवायचे आणि स्वतःचे पाकीट न उघडताच ठेवायचे, असा हा प्रकार आहे. ‘समेट करा’ एवढेच सांगून स्त्रीला त्याच घरी परत पाठवणाऱ्या मंडळीनेही हा अध्याय पुन्हा वाचावा.

छडीचे वचन (नीतिसूत्रे १३:२४) मुलांवर वापरणाऱ्या पालकांसाठी वेगळे उत्तर लिहिलेले नाही. इफिसकरांस ६:४ मध्ये बापांना मुलांना चिडीस आणू नका असे जे सांगितले आहे ते याच रीतीने वाचावे.

९. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला नाही तर शाप लागतो, असे मलाखी ३ वरून सांगतात. खरे आहे का?

मलाखीच्या पुस्तकात लोकांच्या आधी याजकांना झापलेले आहे. पहिल्या अध्यायाचा मोठा भाग आणि दुसऱ्याची सुरुवात त्यांच्यासाठीच आहे. मंदिरसेवेबद्दल ज्यांना दशांश मिळे त्या लेवी वंशाच्या लोकांनीही त्यातून दशांश द्यावा असा नियम गणनाच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खाण्यासाठी होता, असे अनुवाद १४ सांगते. म्हणून मलाखी ३ वाचून दाखवणाऱ्याला मंडळीच्या जमाखर्चात विधवांसाठी किती रक्कम आहे हे नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. देण्याविषयी पौलाचे सांगणे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे: दुःखी मनाने किंवा सक्तीने देऊ नये. आम्ही द्यावे या मताचे आहोत. धाकाने घेण्याला मात्र आमचा विरोध आहे.

१०. स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे स्पष्ट लिहिले आहे. त्यावर वाद कशाला?

वाद त्याच पत्रात आहे म्हणून. करिंथकरांस पहिले पत्र १४:३४ मध्ये गप्प राहण्यास सांगितले आहे, पण ११:५ मध्ये स्त्रिया प्रार्थना करतात आणि संदेश देतात हे गृहीत धरून मस्तक झाकण्याची चर्चा केली आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल फिबी या स्त्रीची शिफारस करतो आणि प्रिस्क व युनिया या स्त्रियांना सलाम कळवतो. या वचनांचा मेळ कसा घालावा यावर मंडळ्यांत खरोखर मतभेद आहेत: उत्तर भारतीय मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते, कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही. दोन्हीकडे प्रामाणिक वाचक आहेत. मात्र जे मराठीत बायबल वाचतात, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरासाठी दिली आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी ते पूर्ण केले.

११. शास्त्र लोकांविरुद्ध वापरले गेले याचे इतिहासातील उदाहरण द्याल का?

त्यासाठी नाशिकबाहेर जाण्याची गरज नाही. शरणपूर ही वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना येथे आणून शिकवले जाई. त्यांतील जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शोधासाठी आफ्रिकेत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचे हृदय तेथेच पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वेनराइट यांनी वाचली, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीत झालेल्या दफनालाही ते उपस्थित होते. येथून शिकलेले अनेक जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाऊनमध्ये स्थायिक झाले.

ज्या व्यापाराने या मुलांना आईबापांपासून तोडले, तसल्या व्यापाराचे समर्थन बायबलमधून केले जात होते. उत्पत्ती ९ मध्ये नोहा कनानाला शाप देतो. तेथे कातडीच्या रंगाचा उल्लेखही नाही, तरी तो शाप शतकानुशतके आफ्रिकी लोकांवर लादला गेला. १८०७ मध्ये तर वेस्ट इंडिजमधील गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग लंडनला छापण्यात आले. त्यातून मिसरातील दास्यातून इस्राएलाची सुटका गाळली होती आणि दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे हे वचन ठेवले होते. कात्री चालवणाऱ्यांना कोणते पान कोणाला बळ देईल हे नेमके कळत होते. पळून आलेल्या दासाला धन्याच्या हवाली करू नये (अनुवाद २३:१५) आणि माणसे पळवणारे अधर्मी होत (तीमथ्याला पहिले पत्र १:१०) ही वचनेही त्याच शास्त्रात आहेत. दुसऱ्यासाठी बायबल निवडून देणारा आणि स्वतः पूर्ण बायबल ठेवणारा, असा हा व्यवहार आहे. प्रश्न ८ मधील नवरा तेच घरगुती प्रमाणात करतो.

१२. शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाचा प्रसाद दिला. घ्यावा की नाही? आमच्यात यावरून भांडण झाले.

पौलाने यावर तीन अध्याय खर्च केले आहेत (करिंथकरांस पहिले पत्र ८ ते १०), आणि दोन्ही पक्ष त्यांतील आपापली ओळ उचलतात. मूर्तिपूजेपासून दूर राहा, असे तो म्हणतो. कोणी जेवायला बोलावले तर समोर वाढलेले चौकशी न करता खा, असेही म्हणतो. मात्र हे मूर्तीला अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितल्यास, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. त्यामुळे जो विवेकाने प्रसाद घेत नाही त्याच्याजवळ आधार आहे. त्याने तो हात जोडून, गोड बोलून नाकारावा आणि शक्य तर त्याच आठवड्यात काकूंना घरी चहाला बोलवावे. जो घेतो त्याला ‘मूर्तिपूजक’ म्हणण्याचा अधिकार मात्र रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय देत नाही: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. संक्रांतीचा तिळगूळ आणि दिवाळीचा फराळ हे बहुतेक वेळा नैवेद्य नसतात, त्यामुळे त्यांवर हा प्रश्न ताणू नये.

१३. मुलीने ख्रिस्तेतर मुलाशी लग्न केले. ‘विजोड जू’ (विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर विजोड होऊन जडू नका) या वचनामुळे नातेवाईक तिला घरात घेऊ देत नाहीत.

करिंथकरांस दुसरे पत्र ६:१४ च्या आसपास लग्नाचा विषय नाही, पण तत्त्व लग्नालाही लावता येते हे आम्ही मान्य करतो. विधवेने प्रभूमध्ये (म्हणजे विश्वासणाऱ्याशी) लग्न करावे असे पहिल्या पत्रात (७:३९) म्हटलेच आहे. लग्नाआधी आईवडिलांनी हे एकांतात सांगितले असेल तर त्यांनी आपले काम केले. लग्न झाल्यावर लागू होणारा मजकूर वेगळा आहे: त्याच सातव्या अध्यायात पौल विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये असे सांगतो. जे जोडपे पौल तोडत नाही, ते नातेवाइकांनी उंबऱ्यावर तोडू नये. मुलगी दिवाळीला आली तर जावयाचेही ताट वाढावे.

१४. मी हिंदू आहे. नुसते वाचले तर चालेल का? आणि वादात तुमच्याच ग्रंथातील वचने तुम्हाला दाखवली तर?

अवश्य वाचावे. नाशिकला शिकलेले कवी नारायण वामन टिळक यांना आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि तो त्यांनी आपल्या बुद्धीने वाचला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तो निर्णय मान्य नव्हता, आणि त्यांचा स्वतःचा निर्णय काही वर्षांनी स्वतंत्रपणे झाला. वाचणाऱ्या प्रत्येकाने असाच निर्णय घ्यावा अशी आमची अट नाही.

वादात आमची वचने आम्हाला दाखवावीत. वल्गना आणि वागणूक यांतील अंतर बाहेरच्याला लवकर दिसते. मात्र प्रश्न ४ मधील नियम तुम्हालाही लागू आहे: एक परिच्छेद मागचा आणि एक पुढचा वाचून यावे. आम्हीही तुमच्या ग्रंथांविषयी बोलताना तेवढे पथ्य पाळू.

१५. मला दुसऱ्यांची भीती नाही. वाचताना प्रत्येक वचन माझ्याच विरुद्ध वाटते. माझ्या हातून अक्षम्य पाप घडले आहे असे रात्रभर वाटत राहते.

प्रश्न १ मध्ये ओळ स्वतःचे नाव घालून वाचावी असे सांगितले आहे. तुमच्यासाठी तो सल्ला काही काळ स्थगित समजावा. वचन दुसऱ्यावर उगारता येते तसे स्वतःवरही उगारता येते, आणि त्याला नम्रता म्हणणे बरोबर नाही.

पवित्र आत्म्याच्या निंदेची क्षमा होणार नाही, हे मत्तय १२ मधील कठोर वाक्य घाबरलेल्या माणसाला उद्देशून नाही. आंधळा आणि मुका माणूस डोळ्यांदेखत बरा झालेला पाहूनही हे भुतांच्या अधिपतीचे काम आहे असे शांतपणे सांगणाऱ्या परुश्यांना (एका यहुदी धर्मपंथाच्या लोकांना) ते म्हटलेले आहे. त्या परुश्यांपैकी कोणी आपल्या हातून पाप घडले या भीतीने जागा राहिल्याचे मत्तय सांगत नाही. आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा मोठा आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे.

सध्या एकट्याने, विशेषतः रात्री, वाचू नये. दिवसा कोणाच्या तरी सोबत स्तोत्र १०३ किंवा लूक १५ मोठ्याने वाचावे आणि इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय तूर्त बाजूला ठेवावा. तेच तेच विचार थांबत नसतील, पुन्हा पुन्हा कबुली दिल्यावरही घटकाभरच बरे वाटत असेल आणि झोप उडाली असेल, तर पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. हा उपचाराने आटोक्यात येणारा त्रास असू शकतो, आणि गोळी घेतली म्हणून प्रार्थना बंद करावी लागत नाही.